झीज की कच्चा ठसा

3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज

ओवाळणी झाली, जेवणं आटोपली आणि भाच्यानं बॅगेतून प्लॅस्टिकची चपटी, बंद डबी काढून माझ्या हातात दिली. आत 1947 चा निकेलचा रुपया. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ. वरच्या पट्टीवर साल, किंमत आणि 'एमएस 64'. मुंबईत एका लिलावगृहात नाण्यांच्या नोंदी करण्याचं काम त्याला मिळू घातलंय. त्याआधी नजर तयार व्हावी म्हणून डिसेंबरात तो इथे, भिलाईजवळ रिसालीला, माझ्याकडे येऊन राहणार आहे. ताईची याला ना नाही, फक्त जेवायच्या वेळा पाळा एवढंच तिचं म्हणणं.

"मामा, हा 64 का? 65 का नाही?"

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर डबीवर लिहिलेलं नसतं. दर्जाच्या पट्टीवर साठपासून पुढचे सगळे 'एमएस' (मिंट स्टेट) अंक न वापरलेल्या नाण्यांचे. म्हणजे 60 ते 70 या अकरा पायऱ्यांवर झिजेचा प्रश्नच येत नाही. तिथे बघायचं ते टांकसाळीतून पोत्यात पडताना, पोत्यातून मोजणीला जाताना नाण्यावर नाणं आदळून पडलेले टवके, धातूची मूळ चमक आणि ठसा किती भरून उठला ते. त्यातही टवका कुठे पडला याला फार महत्त्व. या रुपयावर राजाच्या गालावर, डोळ्याच्या रेषेखाली, एक बारीक टवका आहे. गाल म्हणजे उघडी, गुळगुळीत जागा, नजर आधी तिथेच जाते. तोच टवका वाघाच्या पट्ट्यांत पडला असता तर कुणाच्या लक्षात आला नसता आणि नाणं कदाचित एक पायरी वर गेलं असतं.

त्यानं लगेच विचारलं, म्हणजे हे ज्याच्या त्याच्या मनावर? अजिबात नाही, असं मी त्याला सांगितलं. पण का नाही, हे एका बैठकीत सांगता येण्यासारखं नाही. म्हणून या महिन्यात सुचेल ते इथे लिहून ठेवायचं ठरवलं आहे. तो आला की ही वही त्याच्याच हातात द्यायची.

5 नोव्हेंबर

आधी उजेड. ट्यूबलाइटखाली नाणं बघू नये. तिचा उजेड सगळीकडून पसरून येतो, त्यात ओरखडे बुजतात आणि मेलेली चमकही बरी दिसते. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून टेबलावर एकच जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्ब ठेवायचा. नाणं कडेनं धरायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, खाली मऊ कापड. मग नाणं त्या बल्बखाली हळूहळू कलतं करत गोल फिरवायचं. न वापरलेल्या चांदीच्या रुपयावर उजेडाचा पट्टा मधल्या बिंदूभोवती चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. कारण ठसा आपटताना धातू मधून कडेकडे सरकलेला असतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहिलेल्या असतात. नाणं हातोहाती फिरलं की आधी उंचवट्यांवरच्या या रेषा जातात आणि पट्टा तिथे तुटतो.

संध्याकाळी 1862 चा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया, काढून पुन्हा एकदा सावकाश पाहिला. मुकुटाची कड आणि कानावरून मागे गेलेले केस, झीज पहिली तिथे. माझ्या नाण्यावर केसांच्या बटा वेगवेगळ्या मोजता येतात, पण त्यांच्या माथ्यावर करडा सपाटपणा आला आहे. पोशाखावरची नक्षी खोलगट भागात शाबूत आहे. कडेकडची अक्षरं भरीव आहेत. भिंग पाचपटीच्या पुढचं नको. दहापटीच्या भिंगाखाली प्रत्येक नाणं जखमी दिसतं आणि पाहणारा उगाच कडक होतो.

या रुपयाची एक गंमत भाच्याला सांगायचीच आहे. 1862 हे साल रुपयावर पुढं वर्षानुवर्षं तसंच छापत राहिले, 1874 साली खरं साल पुन्हा येईपर्यंत. मधल्या काळातली नाणी ओळखायची ती मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून. त्यामुळे ज्याला ठिपके माहीत नाहीत तो अंक कितीही अचूक देवो, नाणं कोणतं हेच त्याला कळलेलं नसतं.

8 नोव्हेंबर

हे 1 ते 70 आलं कुठून, असं आज भाच्यानं फोनवर विचारलं. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1949 साली अमेरिकेच्या सुरुवातीच्या मोठ्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं, त्यात ही पट्टी आली. अंक म्हणजे किमतीचा गुणक होता. सगळ्यात हलक्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला 1 आणि अगदी निर्दोष नाण्याची किंमत त्याच्या सत्तरपट. किमतींचं ते गणित काही वर्षांतच मोडलं, पट्टी मात्र राहिली आणि जगभरच्या नाण्यांना लागू झाली.

याच शेल्डननं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट काढून त्या जागी आपली कमी दर्जाची ठेवली होती, हे पुढं उघड झालं. जुने फोटो होते म्हणून ते ताडून पाहता आलं. माझ्या लेखी यातला धडा फोटोचा आहे. अंक लिहिलेला कागद नाण्याला बांधून ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंचा फोटो, वजन आणि व्यास एवढं प्रत्येक नोंदीत असलंच पाहिजे.

10 नोव्हेंबर

आज मूळ मुद्द्यावर येतो.

आजोबांकडून आलेला नागपूरकर भोसल्यांचा रुपया समोर आहे. इकडे छत्तीसगडात हेच चलन होतं. बिंबाजी भोसले रतनपूरला बसून कारभार पाहत होते, आणि 1854 ला नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख भोसल्यांचाच. रुपयावर नाव मात्र मोगल बादशहा अहमदशहाचं. तो 1754 ला गादीवरून उतरवला गेला, तरी टांकसाळीतून त्याचं नाव निघत राहिलं.

हा रुपया एखाद्या यंत्राच्या नाण्यांवर तयार झालेल्या माणसापुढे ठेवला तर तो काय म्हणेल? अर्धी अक्षरं नाहीत, एका कडेला सपाट पट्टा, म्हणजे फार झिजलेलं, पंधरा-वीसच्या पुढे जाणार नाही. आणि तो चुकेल. ठसा चकतीपेक्षा मोठा होता, म्हणून मजकूर चकतीबाहेर गेला. तो नाण्यावर कधी उठलाच नव्हता. सपाट पट्टा आहे तिथे घाव तिरका बसला किंवा चकतीच तिथे पातळ होती. हे झिजलेलं नाही, हे कच्चं उठलेलं आहे.

दोन्हीतला फरक दिसतो, पण कुठे बघायचं ते माहीत हवं. झिजलेल्या जागेचा उंचवटा घासून गुळगुळीत होतो आणि त्याच्या कडा आजूबाजूला विरघळत जातात. कच्च्या जागेत चकतीचा मूळ पोत शिल्लक असतो, ओतताना-ठोकताना राहिलेली खरखर, बारीक खड्डे. शिवाय शेजारचं भरून उठलेलं अक्षर टोकदार असतं. एकाच नाण्यावर बोटभर अंतरात एक अक्षर धारदार आणि दुसरं गायब असेल, तर ते हातांनी झिजवलेलं नाही. हात निवडून झिजवत नाहीत. माझ्या रुपयावर एका अक्षराचा खालचा फाटा आजही नखाला लागतो, आणि त्याच्या वरचा अर्धा भाग कोरा आहे. हा रुपया फार फिरलेला नाही, हे मी खात्रीनं सांगेन.

शिवराईला तर हे जास्तच लागू. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', भोवती ठिपक्यांची माळ. शिवरायांच्या काळापासून पेशवाईपर्यंत आणि तिच्याही नंतर ही तांब्याची नाणी पडत राहिली, किती ठिकाणी आणि किती हातांनी. लेखनात फरक, अक्षरांच्या वळणात फरक. पुढं ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा आल्या, ती दुदांडी. ठिपक्यांची माळ पूर्ण दिसणारी शिवराई क्वचितच हाती येते. तेव्हा शिवराईचा दर्जा ठरवताना चकतीवर जे आलं तेवढंच बघायचं आणि ते किती टिकलं हे सांगायचं. जे आलंच नाही त्याची वेगळी नोंद. एका अंकात दोन्ही कोंबले की ग्राहकाला काहीच कळत नाही. महेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठा टांकसाळींवरचं 1989 चं पुस्तक नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेनं काढलं. भाच्यानं येण्याआधी ते वाचून यावं. कोणत्या टांकसाळीत कसा ठोका पडायचा हे ज्याला ठाऊक नाही त्यानं दर्जा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे प्राच्यविद्या संशोधक वा. वि. मिराशी आठवतात. 1939 साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या पोटीनच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी हलक्या मिश्र धातूची, मजकूर कडेला तुटलेला. बाजाराच्या नजरेनं त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. मिराशींनी एका नाण्यावरचा तुकडा दुसऱ्यावरच्या तुकड्याला जोडत नावं वाचली, आणि इतरत्र न भेटणारे काही सातवाहन राजे त्यातून पुढे आले. दर्जा आणि मोल एकाच दिशेला जातातच असं नाही.

14 नोव्हेंबर

दुर्गहून एक ओळखीचे सराफ जुने रुपये घेऊन आले होते. बहुतेकांवर बारीक छिन्नीचे ठोके, एक फुलासारखा, एक चंद्रकोर. हे त्या काळच्या सराफांचे ठोके. चांदी आतपर्यंत खरी आहे का ते पाहायला ठोका मारायचा आणि खरी निघाली की तीच खूण राहायची. मराठी मुलुखात हे काम पोतदाराचं. अंकुशी, चांदवडी, सुरती, हाली शिक्का असे नाना रुपये बाजारात, प्रत्येकाचा कस वेगळा, बट्टा वेगळा. सरकारी भरणा पोतदारानं पारखल्याशिवाय आत जात नसे.

आजच्या पट्टीवर हाच ठोका दोष धरला जातो आणि नाण्याला अंक मिळत नाही, नुसता शेरा मिळतो. मला हे पटत नाही. मागच्या तपासनिसाची सही पुढच्या तपासनिसानं जखम म्हणून मोजायची? यंत्राच्या राणीछापावर कुणी खिळा ठोकला तर ती नासाडी, यात वाद नाही. पण भोसल्यांच्या किंवा पेशव्यांच्या रुपयावरचा ठोका हा त्याच्या चलनातल्या आयुष्याचा भाग आहे. नोंदीत तो 'सराफी खूण' म्हणून आला पाहिजे, दोषांच्या रकान्यात नव्हे.

17 नोव्हेंबर

आझाद मार्केटातल्या भाजीवाल्या बाई आज घरी आल्या. पिशवीत सासूची रुपियामाला. इकडच्या गावांतून सुता, पुतरी यांच्याबरोबर हीही घालतात, चांदीचे रुपये ओळीनं ओवलेले. कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की जुन्या रुपयाचे लाखो मिळतात, म्हणून त्या खूप आशेनं आल्या होत्या.

माळेत सातव्या एडवर्डचे रुपये जास्त, काही पाचव्या जॉर्जचे, 1912 ते 1920 मधले. प्रत्येकाच्या माथ्यावर डाख लावून कडी बसवलेली. डाख देताना आच लागते, त्या जागी चांदीचा रंग कायमचा बदलतो. कडी काढून घासली तरी भिंगाखाली जागा ओळखू येते. शिवाय सणासुदीला चिंच-मीठ आणि राखेनं घासून घासून सगळ्यांवर एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे. राजाचं डोकं चकचकीत, पण बल्बखाली फिरवलं तर उजेडाचा पट्टा फिरत नाही, एकाच जागी भगभगीत राहतो.

1911 चा एखादा आहे का ते आवर्जून पाहिलं. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि 1912 पासून हत्ती सुधारून काढला. माळेत 1911 नव्हता.

मग त्यांना सरळ हिशेब सांगितला. एका रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. 2024 च्या नोव्हेंबरात चांदी किलोला नव्वद हजाराच्या आसपास होती, म्हणजे नगाला साडेनऊशेच्या घरात. लाख देतो असं सांगून आधी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला एक पैसा देऊ नका. अशा लोकांपासून सावध राहा असं रिझर्व्ह बँकेनंच 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं होतं.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त एला बेचना नइ हे." माळ त्यांनी परत पिशवीत ठेवली. मला फार बरं वाटलं. चांदीच्या भावानं ती वितळायला गेली असती. घासलेल्या, कडी लावलेल्या या नाण्यांना कुठलीही संस्था अंक देणार नाही, पण माळ म्हणून ती पूर्ण आहे.

20 नोव्हेंबर

सातत्याबद्दल.

माझी नोकरी रूळ तपासण्यात गेली. भिलाईत 1960 पासून रूळ होतात. कारखान्याची तपासणी झाल्यावर रेल्वेच्या वतीनं राइट्सची माणसं वेगळी तपासणी करतात. बनवणारा एक, घेणारा दुसरा आणि पाहणारा तिसरा. नाण्यांच्या धंद्यात हे फार उशिरा आलं. विकणाराच दर्जा सांगायचा, आणि तेच नाणं परत विकत घेताना तोच माणूस दर्जा खाली आणायचा. या रोगावर उपाय म्हणून अमेरिकेत 1986 पासून पीसीजीएसनं आणि 1987 पासून एनजीसीनं नाणी डबीत बंद करून अंक द्यायला सुरुवात केली. पद्धत चांगली आहे. नाणं कुणाचं हे तपासनिसाला कळत नाही, एकाहून जास्त जण स्वतंत्रपणे अंक लिहितात, मग शेवटचा माणूस ठरवतो. ताडून बघायला ठरावीक नाण्यांचा संच असतो.

तरीही लोक डब्या फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, कारण पुढच्या खेपेला एक अंक जास्त मिळू शकतो. 64 आणि 65 मधल्या किमतीत दरी असेल तर हे होणारच. वर्षं जातात तशी पट्टी सैल होते, ही तक्रारही जुनीच आहे. 2007 पासून सीएसी ही संस्था बंद डबीतलं नाणं त्या अंकाला खरंच शोभतं का ते पाहून हिरवी चिकटपट्टी लावते, म्हणजे तपासनिसांवर तपासनीस आला. यंत्राचाही प्रयोग झाला. पीसीजीएसनं 1990 मध्ये मॉर्गन डॉलर तपासायला 'द एक्स्पर्ट' नावाची संगणकप्रणाली आणली. ती टिकली नाही.

नजर का हलते, हे रुळांवर मी पुष्कळ पाहिलं आहे. ओळीनं चांगला माल आला की जरा उणा तुकडा फार वाईट वाटतो, आणि वाईट मालानंतर तोच तुकडा पास होतो. रात्रपाळीच्या शेवटच्या तासात माणूस एकतर फार कडक होतो नाहीतर फार उदार. म्हणून कपाटात मी रुळाचे काही तुकडे ठेवले होते. इथवर चालेल आणि इथून पुढे नाही, अशा अगदी सीमेवरचे. दर पाळीच्या सुरुवातीला ते हातात घेऊन बघायचो. चांगला नमुना चांगला आहे हे कुणालाही कळतं, उपयोग सीमेवरच्या नमुन्याचा. भाच्यासाठी एडवर्डच्या रुपयांचा तसाच संच लावतो आहे, प्रत्येक दोन दर्जांच्या मधोमध बसणारी नाणी. रोज काम सुरू करताना आधी ती बघायची.

पण सातत्य दुसऱ्या नंबरला. भोसल्यांचा रुपया रोज वीस म्हणणारा माणूस अगदी सातत्यानं चुकत असतो. आधी टांकसाळ कळावी, मग नजर स्थिर व्हावी. हा क्रम उलटा केला तर डबीवरचा अंक नेटका दिसतो, एवढंच.

24 नोव्हेंबर

भाच्यानं विचारलं, आपला राणीछाप अमेरिकेला पाठवून अंक आणायचा का? नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीछाप, एडवर्डचे रुपये, शिवराई, सगळं यात आलं, आणि ही रेषा दर वर्षी पुढे सरकते. त्याचा 1947 चा रुपया जाऊ शकतो, आजोबांचा नाही.

म्हणून आपल्या जुन्या नाण्यांची पारख इथेच, आपल्या माणसांनी, आपल्या पट्टीनं करायला हवी. या भागातली शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची सोन्याची नाणी घ्या. कागदासारखा पातळ पत्रा, मागून ठोकून पुढे उठवलेला गरुड, शेजारी शंख-चक्र, खाली पेटीसारख्या डोक्याची अक्षरं. मागची बाजू म्हणजे पुढचीच पोकळ छाया. त्यांना चमकेचे आणि टवक्यांचे निकष लावून काय मिळणार? तिथे चीर, घडी आणि दबलेला उठाव एवढंच बघायचं.

29 नोव्हेंबर

किराणावाल्याकडून सुट्ट्यात नवेकोरे एक रुपये आले. 1992 पासून रुपया स्टेनलेस पोलादाचा. भिलाईत रूळ आणि प्लेटा होतात, स्टेनलेस नाही. पण आमच्याच पोलाद कंपनीच्या, सेलच्या, सेलम कारखान्यात नाण्यांच्या चकत्या कापल्या जातात, त्यामुळे हा रुपया मला थोडा घरचा वाटतो. पोलाद कठीण म्हणून ठसा उथळ. झीज उशिरा येते, पण टवके पहिल्याच दिवशी. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. शिकायला यांच्यासारखी नाणी नाहीत, बिघडण्याची भीती नाही आणि ढिगानं मिळतात.

भाच्याला आज लिहिलं की 8 तारखेला ये, तारेचा बल्ब नागपूरहून घेऊन ये, इथे दुकानात आता मिळत नाही. पहिले दिवस पोलादी रुपये, मग एडवर्ड, मग माझा राणीछाप. भोसल्यांचा रुपया आणि शिवराई सगळ्यात शेवटी. एका वहीत रोज तीच नाणी नव्यानं लिहायची, आदल्या दिवसाचं पान न बघता. वजन, व्यास, ठसा कुठे कच्चा, झीज कुठे, टवके कुठे, घासलंय का, सराफी खूण आहे का. दोन पानं जुळायला लागली की मी शेजारी बसून वेगळं लिहीन आणि आपण ताडून बघू. अंक नाताळनंतर.